समुपदेशक हवेत, तर त्यांना शिकू द्या
अळणावर आणि पंचक्रोशीतील पालक, शिक्षक व पदवीधरांसाठी

जुलै २०२५ मध्ये दिल्लीत दोन निर्णय झाले. सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा खटल्यात बजावले की, १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमलाच पाहिजे. त्याच महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षण थांबवले. त्याच वर्षीच्या सत्रापासून नवे प्रवेश बंद झाले.

एका हाताने समुपदेशक मागायचे आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या शिक्षणाची वाट अडवायची, हे अळणावरसारख्या गावाला परवडणारे नाही.

इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या मानसशास्त्र एम.ए.मध्ये दुसऱ्या वर्षी समुपदेशन हा विषय घेता येत असे. शाळेत शिकवणारी बाई, लग्नानंतर शिक्षण सुटलेली पदवीधर, रेल्वेत पाळीने काम करणारा तरुण अशांना नोकरी आणि घर सांभाळून शिकायचे तर हाच मार्ग होता. शहरात खोली घेऊन दोन वर्षे नियमित वर्गात बसणे त्यांच्यापैकी फार थोड्यांना जमेल. ज्यांना जमेल, त्यांतले किती जण परत येतील?

अळणावरला परत येणाराच माणूस हवा आहे. हुबळी-लोंढा लोहमार्गावरच्या या जंक्शनात मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू रोज कानावर पडतात. एका बाजूला खानापूर, दुसऱ्या बाजूला हल्याळ. एसएसएलसी किंवा दुसऱ्या पीयूसीच्या धास्तीने जेवण सुटलेली मुलगी आपल्या घरच्या भाषेतच मोकळी होते. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा मोफत क्रमांक रात्री-अपरात्री फार मोलाचा आहे आणि तो प्रत्येक शाळेच्या फलकावर असायलाच हवा. पण त्या मुलीच्या आईवडिलांना बोलावून, समोर बसवून, महिनाभराने पुन्हा विचारपूस करणारे माणूस गावातच लागते.

शिक्षणाच्या दर्जाबद्दलची आयोगाची चिंता खोटी नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने समुपदेशकांना आरोग्यसेवेच्या चौकटीत आणले आहे आणि ते योग्यच झाले. छापील पुस्तिका वाचून, परीक्षा देऊन समुपदेशन येत नाही. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली रुग्णासमोर बसल्याशिवाय कुणाच्याही हाती दुसऱ्याचे मन सोपवू नये. मात्र प्रात्यक्षिक अपुरे असेल तर प्रात्यक्षिक वाढवावे. त्यासाठी सगळा अभ्यासक्रमच बंद का करावा?

जोडपद्धतीचा नमुना कर्नाटकातच आहे. एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशन पदविका अभ्यासक्रम म्हैसूरच्या प्रादेशिक शिक्षणसंस्थेत याच पद्धतीने आखलेला आहे: सहा महिने दुरून अभ्यास, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, तीन महिने इंटर्नशिप. पदविकेला चालते ते एम.ए.ला अधिक कडक अटी घालून का चालू नये?

मानसिक आरोग्य मोठ्या शहराबाहेर नेण्याचा धडाही याच राज्याने देशाला दिला. १९८० च्या दशकात बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतले डॉक्टर आणि कर्मचारी प्रशिक्षित केले. त्या अनुभवावर १९९६ मध्ये राष्ट्रीय पातळीवरचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. लोंढ्यावरून घाट उतरला की गोवा. तिथे 'संगत' संस्थेने आरोग्यक्षेत्राचा अनुभव नसलेल्या स्थानिकांना समुपदेशन शिकवले. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केलेल्या चाचणीत सरकारी आरोग्य केंद्रांतले नैराश्य आणि चिंतेचे रुग्ण त्यांच्या मदतीने अधिक प्रमाणात बरे झालेले दिसले. त्यांच्या पाठीशी तज्ज्ञांची देखरेख होती, हे विसरून चालणार नाही. अशी देखरेख करणारी माणसे तयार व्हायला उच्च शिक्षणच लागते.

आणि अशा माणसांची गरज मोठी आहे. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १५ कोटी लोकांना मानसिक उपचारांची गरज होती आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते.

धारवाडला कर्नाटक विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग आहे. १८४५ पासूनचा वारसा असलेले मनोरुग्णालय आज 'डिम्हान्स' म्हणून तिथेच काम करते आहे. विद्यापीठाने शनिवार-रविवारचे वर्ग घ्यावेत, डिम्हान्समध्ये देखरेखीखालचे प्रात्यक्षिक सक्तीचे करावे, मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत मुलाखतीचा सराव द्यावा आणि आयोगाने अशा जोडपद्धतीच्या एम.ए.ला परवानगी द्यावी. अळणावरच्या प्रत्येक शाळेच्या पालकसभेने ही मागणी ठरावाने मंजूर करून विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे आणि अनुदान आयोगाकडे पाठवावी. आपल्या शाळेत न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे समुपदेशक नेमला आहे का, हा प्रश्नही त्याच सभेत मुख्याध्यापकांना विचारून उत्तर लेखी घ्यावे.