कुबेराचे व्याज

भांडवलशाही ही निव्वळ अर्थव्यवस्था. धर्माशी तिचा काय संबंध, असे आपण सहज म्हणतो. पण वॉल्टर बेंजामिन या जर्मन विचारवंताने १९२१ च्या सुमारास एका टिपणात तिला धर्मच म्हटले. या धर्मात पूजेला सुटीचा वार नाही आणि पापक्षालनही नाही. तो माणसाला दोषी तेवढा ठरवतो. जर्मन भाषेत दोष आणि कर्ज यांना एकच शब्द आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

आपल्याकडे हे नवे नाही. पद्मावतीशी विवाह करण्यासाठी व्यंकटेशाने कुबेराकडून कर्ज काढले. ते कलियुगाच्या अंतापर्यंत फिटायचे नाही आणि तिरुपतीच्या हुंडीतील द्रव्य त्याच्या व्याजापोटी जाते, अशी श्रद्धा आहे. प्रत्यक्ष लक्ष्मीपती ऋणको! कोणत्याही बँकेने हेवा करावा अशी ही सावकारी!

परंतु ऋणाची दुसरी कल्पनाही आपल्याच परंपरेत आहे. माणूस देवऋण, ऋषिऋण व पितृऋण घेऊन जन्मतो. यज्ञ, अध्ययन व संतती यांनी ती फिटतात. म्हणजे तेथे मुक्तीची वाट आहे. तुकोबांच्या घरी तर सावकारी होती. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे चरित्रकार सांगतात. धनकोने स्वतःच्या हाताने दिलेली ही मुक्ती!

सर्वच सावकार तुकोबा नसतात. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. ते लोण इतर गावांत पसरले. मग १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. जी खते पाण्यात बुडाली नाहीत, ती आगीत गेली.

आज काय दिसते? मोठ्या उद्योगाचे थकलेले कर्ज बँकेच्या ताळेबंदातून काढले जाते, तेव्हा तो हिशेबाचा भाग ठरतो. विदर्भातील शेतकऱ्याचे थकले की तो 'कर्जबाजारी' होतो. या एका शब्दात जर्मन भाषेतले दोन्ही अर्थ आले! तो फास जवळ करतो तो केवळ रकमेमुळे नव्हे, आपण पापी ठरलो या लाजेनेही. कर्ज हा व्यवहार आहे, पाप नव्हे, एवढे जरी आपण सुशिक्षितांनी मानले आणि बोलण्यात पाळले, तरी कुबेराच्या या धर्माचे एक मोठे बळ कमी होईल.