सरमेचे गाऱ्हाणे

गेल्या चैत्रातील एका जत्रेत जे आमच्या दृष्टीस पडले, त्याविषयी लिहिण्याचा मनोदय आम्ही बोलून दाखविला, तेव्हा आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. देवस्थानच्या महाजनांनी वाचावयाच्या मासिकात कुत्र्यावर लेख! वस्तुतः हा आक्षेप घेणाऱ्यांनी महाभारत कोठून सुरू होते, हे एकदा उघडून पाहावे. आदिपर्वाच्या आरंभीच जनमेजयाचे सत्र चालू असता सरमेचे पिल्लू यज्ञभूमीपाशी येते आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. सरमा येऊन विचारते, माझ्या लेकराने हवीला तोंड लावले नाही, हवीकडे पाहिलेही नाही. मग मारलेत का? भर यज्ञात बसलेल्या त्या राजकुलापाशी या प्रश्नाला उत्तर नसते. तिचा शाप मात्र राजाला भोवतो, आणि त्याच्या निवारणासाठी त्याला पुरोहित शोधीत हिंडावे लागते. युधिष्ठिराचे कुत्रे सर्वांना ठाऊक असते. हे पिल्लू कोणाला आठवत नाही.

आम्ही पाहिले ते असे. दुपारचा एक वाजला होता. अग्रशाळेबाहेर, जेथे सकाळी सावली होती व आता नव्हती, तेथे माडाला एक कुत्रा बांधला होता. ताठ कान, पाठीवर वेटोळे घातलेली शेपटी, बैठकदार अंग. मानेवर आणि शेपटीवर दाट करडी लोकर. पण मधले सारे अंग यंत्राने कातरून गुलाबी उघडे केलेले. जीभ लोंबत होती, लाळ दोरीसारखी गळत होती. मुले त्याच्यापुढे प्रसादाच्या शिऱ्याचे मुटके टाकीत होती. धनी आत पंक्तीला बसले होते. बाहेर आल्यावर त्यांनी अभिमानाने सांगितले, की हा नॉर्वे देशातील शिकारी जातीचा कुत्रा असून पुष्कळ पैसे मोजून आणला आहे, आणि त्याला गारवा मिळावा म्हणूनच केस काढविले आहेत. वंशावळीचा कागद आम्ही मागितला नाही. विकणारे काय वाटेल ते सांगतात. तो उत्तरेकडील हिमप्रदेशाचा होता, एवढे सांगावयास कागद नको होता.

नॉर्वेत या जातीला ‘एल्गहुंड’ म्हणतात. ‘एल्ग’ म्हणजे तिकडच्या अरण्यातील मूस हा महाकाय सांबरासारखा प्राणी, आणि ‘हुंड’ म्हणजे नुसता कुत्रा. खांद्याशी वीस इंच उंची आणि तेवीस-चोवीस किलो वजन असलेला हा जीव चारशे किलोंच्या मूसाचा माग वासावरून काढतो, त्याला गाठतो, आणि अंगावर न जाता चहूबाजूंनी भुंकून शिकारी येईपर्यंत जागीच खिळवून ठेवतो. हे काम तास दोन तास चालते. १८७७ साली नॉर्वेतील प्रदर्शनात तो प्रथम मांडला गेला. त्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या तो शेतकऱ्यांच्या अंगणातच होता. शिकारीची आम्ही येथे भलामण करीत नाही. वाचकांनी तसा समज करून घेऊ नये. सांगावयाचे आहे ते एवढेच, की त्याच्या अंगावरील केस न्‌ केस त्या कामासाठी व त्या थंडीसाठी घडलेला आहे. वरचे राठ केस पाऊस व हिम झटकतात. आतली मऊ फिकट लोकर अंगची ऊब धरून ठेवते. जेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंश उतरतो, तेथे हे कवच आहे. आमच्या मे महिन्यात हीच लोकर त्याच्या अंगावरून उतरत नाही.

मग ती कातरावी, हे ओघानेच आले, असे त्या गृहस्थांना वाटले. याच ठिकाणी सद्‌हेतूने घात होतो. वरचे केस उन्हाचा ताप थेट कातडीवर पडू देत नाहीत, आणि ते निघाले की ऊन कातडी भाजते. शिवाय दुहेरी लोकरीच्या कुत्र्याचे केस मुळाशी कातरले, तर ते पुष्कळदा पूर्ववत उगवत नाहीत, चट्टे राहतात. करावयाचे ते याच्या उलट आहे. आठवड्यातून दोन-तीन वेळा फणीने सुटलेली आतली लोकर विंचरून काढावी. वर्षातून दोनदा ती पुंजक्यांनी गळते, तेव्हा रोज काढावी. मोकळ्या झालेल्या केसांतून वारा खेळतो. काम कंटाळवाणे आहे, घरभर केस उडतात, आणि ते कोणास दाखवून मिरविता येत नाही; म्हणूनच बहुधा होत नाही.

‘हळूहळू सवय होते’ असे दुसरे एक समर्थन आम्ही ऐकतो. माणसाला घाम येतो. कुत्र्याला तो पंजांच्या गाद्यांखेरीज जवळजवळ येतच नाही. तो धापा टाकतो, जिभेवरील ओल वाफ होऊन उडते, त्यानेच त्याचे शरीर निवते. कोकणातील हवा आधीच बाष्पाने जड झालेली. तीत ही वाफ उडावी कशी? अंगचे तापमान एकशे सहा अंश फॅरनहाइटवर गेले की त्याचे आतडे, मूत्रपिंड, मेंदू धोक्यात येतात. यात सवयीचा प्रश्न कोठे येतो? आणि ऊन सरले की आमचा पाऊस! तीन हजार मिलिमीटर पावसात ती आतली लोकर दिवसेंदिवस वाळत नाही, कातडीला ओली खाज सुटते, गोचिडी तिच्यात दडून बसतात आणि ताप देतात. ‘आम्ही वातानुकूलित खोलीत ठेवतो’ म्हणणाऱ्यांना आमचे विचारणे आहे, की रानोमाळ धावण्यासाठी घडलेल्या जनावराला चार भिंतींत कोंडले तर ते काय करील? ते भुंकील. भुंकणे हाच त्याचा धंदा. मग शेजारी तक्रार करतात, आणि एक दिवस त्याला गावाबाहेर सोडून येतात.

शिऱ्याविषयीही बोलले पाहिजे, कारण तो आमच्याच घरचा आहे. बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषासमान ठरू शकतात, आणि कांदाही त्याला अपायकारक आहे. त्यात ही जात मुळातच लवकर लठ्ठ होणारी. प्रसाद अव्हेरू नये हा संस्कार माणसासाठी आहे. मुक्या जीवाला बेदाण्याचा शिरा खाऊ घालून पुण्य जोडले, असे कोणी समजू नये. वैश्वदेवात श्वानासाठी बली काढण्याची आमची रीत आहे, त्यात भाताचा घास असतो.

आता आमच्या त्या स्नेह्यांकडे वळू. कुत्र्याने गर्भागारात वा सभामंडपात येऊ नये, या मताशी आमचा वाद नाही. परंतु आवाराबाहेर सावली आणि पाण्याचे भांडे ठेवल्याने कोणते सोवळे मोडते? त्या दिवशी आवारात शेकडो मंडळी होती. पाणी मागितले तेव्हा ‘कुत्र्याला कशात द्यायचे?’ या चर्चेतच बराच वेळ गेला. शेवटी एका फुलवालीने आपली बादली दिली. तिच्यातले पाणी त्याच्या पोटाला, काखेत, पंजांना लावून आम्ही त्याला मांडवाच्या सावलीत नेले.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. हा कुत्रा समुद्रकाठच्या गावी हौसेखातर आणणे हा अपराध आहे. मग तो नॉर्वेचा असो वा त्याचा भाऊबंद सायबेरियाचा हस्की. केंद्र सरकारने २०१६ साली प्रजननाच्या व्यापारासाठी परदेशी कुत्री आणण्यास मनाई केली, तरी येथल्या येथे पिल्ले काढून विकण्याचा धंदा जोरात आहे, आणि गिऱ्हाईक आहे तोवर तो राहील. ते गिऱ्हाईक आमच्यातलेच आहे. आमच्याच पालखीमागे चालते. ज्यांनी आधीच आणला आहे, त्यांनी तो टाकू नये. पहाटे उजाडण्यापूर्वी आणि रात्री त्याला भरपूर चालवावे, वाटेत वास घेत रमू द्यावे, फरशी व पंखा द्यावा, खाणे मोजून द्यावे, कंबरेच्या सांध्यांची आणि डोळ्यांची पशुवैद्याकडून तपासणी करवीत जावी, कारण या जातीत दोन्हींचे विकार आढळतात. जत्रेला तर मुळीच आणू नये.

त्या गृहस्थांनी आमचे ऐकून घेतले, रागावले नाहीत. यंदा आषाढात त्यांच्या घरावरून जाणे झाले. कुत्रा ओट्यावर फरशीला पोट लावून पडला होता. ओळख पटून त्याने शेपटी हलविली. पाठीवरचे केस अजून विरळच आहेत.