राग कोणत्या भाषेत गायचा?

मुंबईच्या ‘द लाइटइयर्स एक्स्प्लोड’ने 2013 साली ‘द रिव्हेंज ऑफ कालिचरण’ हा अल्बम काढला. परवा एका विद्यार्थ्याने तो मोबाइलवर ऐकवला. याला पॉप पंक म्हणतात, सर, म्हणाला. मोजके कॉर्ड, धावता ठेका, पटकन तोंडी बसणारी चाल आणि आत चीड. नाव हिंदी सिनेमातलं, गाणी मात्र इंग्रजीत.

त्यात वावगं काही नाही. ज्याला ज्या भाषेत राग येतो, त्याने त्या भाषेत गावं. पण आमच्या भोर-वेल्ह्याच्या पोरांचं काय? भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी ही धरणं इथली. पोरं मात्र कामासाठी पुण्याची एसटी धरतात. चीड त्यांच्यातही आहे. पण घरची बोली गाण्यात आणायची त्यांना लाज वाटते. ही लाज आम्ही शिक्षकांनीच ‘शुद्ध बोल’ म्हणत शिकवली.

बार्शीचे महबूब हुसेन पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत डफावर मराठीतच गरजले. तोही रागच होता, आणि तोही लोकांच्या तोंडी बसला.

त्या मुलाला म्हटलं, “गिटार राहू दे. शब्द तेवढे घरातून आण. मराठी चालेल, उर्दूही चालेल. शुद्धलेखन मी तपासणार नाही.”