डायनोसॉरची हाडे आणि बीजकाचा सवाल

कापडाच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकावी लागते. थान कितीही देखणे असो, ते कोणत्या मागावरचे, कोणत्या सुताचे आणि कोणाकडून आलेले याचा पत्ता नसेल तर जाणकार व्यापारी त्याला हात लावत नाही. आज हीच गोष्ट एका वेगळ्याच मालाबाबत सांगण्याची वेळ आली आहे. हा माल म्हणजे डायनोसॉरचे जीवाश्म, अर्थात कोट्यवधी वर्षांत दगड झालेली हाडे, दात आणि अंडी. इंटरनेटवर तो आता खेळण्यांसारखा विकला जातो. रमण विज्ञान केंद्रात डायनोसॉरच्या प्रतिकृती पाहून आलेल्या मुलांचा हट्ट असतो, शाळांना नमुने हवे असतात, काहींना दिवाणखान्यात ठेवण्याची हौस असते. गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर, 'हा धंदा आपणही करावा काय?' असे आपल्यातील काही तरुण विचारू लागले आहेत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, ज्या जीवाश्माला बीजक नाही तो घेऊही नये आणि विकूही नये. बीजक म्हणजे पैसे पोचल्याची पावती नव्हे. वस्तू कोणत्या देशात, कोणत्या गावाजवळ, खडकाच्या कोणत्या थरात मिळाली. कोणी आणि केव्हा काढली. मूळ भाग किती व जोडलेला किती. आणि जे नाव दिले आहे ते कशाच्या आधाराने, एवढे त्यावर असले पाहिजे. आमच्या परिचयाच्या एका शिक्षकांनी मागवलेल्या अंड्यासोबत फक्त 'अस्सल डायनोसॉर अंडे' असा छापील कागद आला होता. या तीन शब्दांत व्यापाऱ्याच्या कामाचे काहीच नाही.

या बाजारात फसवणूक कशी होते, हे अंगठीच्या खड्यांचा धंदा करणारे बंधू चटकन समजतील. हाऊलाईट नावाचा स्वस्त पांढरा दगड निळ्या रंगात बुडवून फिरोजा म्हणून खपवला जातो, हे त्यांना ठाऊक आहे. जीवाश्मांच्या बाजारात असे चार प्रकार चालतात. पहिला साफ बनावट माल, म्हणजे साच्यात ओतलेले रेझिन. दुसरा जोडकाम, म्हणजे खऱ्याच तुकड्यांचे केलेले ठिगळ. तिसरा खऱ्या वस्तूला चुकीचे नाव. चौथा खऱ्या वस्तूला खोटे ठिकाण. पहिले दोन प्रकार भिंगाने पकडता येतात. पुढचे दोन नुसत्या डोळ्यांनी कळत नाहीत, आणि मोठे नुकसान त्यांतच आहे.

रेझिनच्या मालावर हवेचे बारीक फुगे आणि साच्याची शिवण दिसते. खऱ्या हाडात बारीक छिद्रांची जाळी असते. अतिनील प्रकाशाच्या टॉर्चखाली गोंद आणि भराव पुष्कळदा मूळ हाडापेक्षा वेगळे चमकतात. मोरोक्कोहून जगभर जाणाऱ्या दातांमध्ये तुटलेले दात वाळू व गोंदाने सांधण्याचे काम फार चालते; कधी दात एका जनावराचा आणि मूळ दुसऱ्याचे असते. मोठेही यात फसले आहेत. १९९९ साली चीनच्या लिआओनिंग प्रांतातला एक जीवाश्म अमेरिकेत ८० हजार डॉलरला विकला गेला आणि 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाने तो डायनोसॉर व पक्षी यांना जोडणारा दुवा म्हणून छापला. पुढे उघड झाले की धड एका प्राचीन पक्ष्याचे होते आणि शेपूट एका लहान डायनोसॉरचे. एका लुगड्याला दुसऱ्याचा पदर शिवावा तसा हा प्रकार. २०२२ साली हाँगकाँगमध्ये 'शेन' नावाच्या टी. रेक्स सांगाड्याचा लिलाव क्रिस्टीज या कंपनीला ऐन वेळी मागे घ्यावा लागला. २०२० साली ३ कोटी १८ लाख डॉलरला विकल्या गेलेल्या 'स्टॅन' या दुसऱ्या सांगाड्याशी त्याचे काही भाग हुबेहूब जुळत होते, आणि त्यात प्रतिकृतीचे भाग किती हा प्रश्न उभा राहिला होता.

आता नावाचा मुद्दा. मोझासॉर हा समुद्रात राहणारा सरपटणारा प्राणी. तो डायनोसॉर नव्हे. तरी त्याचे दात 'डायनोसॉरचे दात' म्हणून विकले जातात. डेल्टाड्रोमियस या मोरोक्कोच्या डायनोसॉरला १९९६ साली नाव मिळाले, पण त्या सांगाड्याबरोबर कवटी मिळाली नव्हती. असे असूनही त्याचे 'दात' बाजारात दिसतात. ज्याचे तोंडच मिळाले नाही त्याचे दात विक्रेत्याने ओळखले कसे, हा प्रश्न कोणीही साधा माणूस विचारू शकतो.

अंड्यांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे. १९२३ साली मंगोलियाच्या गोबी वाळवंटात अंड्यांच्या घरट्यावर एका डायनोसॉरचा सांगाडा मिळाला. अंडी दुसऱ्याची आणि हा चोर, असे समजून त्याचे नाव ओव्हिरॅप्टर म्हणजे अंडीचोर असे ठेवण्यात आले. १९९३ साली तशाच अंड्यात गर्भ सापडला, तेव्हा कळले की ती अंडी त्याच्याच कुळाची होती. सत्तर वर्षे बिचाऱ्यावर चोरीचा आळ राहिला. आत गर्भ असल्याशिवाय अंडे नेमके कोणाचे हे सांगणे इतके कठीण आहे. म्हणून अंड्याखाली छातीठोकपणे जातीसकट नाव छापणाऱ्यापेक्षा 'डायनोसॉरचे अंडे, जात निश्चित नाही' असे लिहिणारा विक्रेता अधिक भरवशाचा समजावा. या धंद्यात जो कमी सांगतो तोच बहुधा खरे सांगतो.

तज्ज्ञांचीही ओळख चुकते. पण बीजक खरे असेल तर चूक दुरुस्त होते. याचा दाखला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे शास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांच्या कामात आहे. गुजरातमधील ढोली डुंगरी गावाजवळ त्यांना डायनोसॉरच्या अंड्यांसोबत बारीक हाडे मिळाली. १९८७ साली ती डायनोसॉरच्या पिल्लाची म्हणून प्रसिद्ध झाली. २००१ साली अमेरिकन शास्त्रज्ञ जेफ्री विल्सन यांनी तोच दगड पाहिला आणि त्यांना त्यात सापाचे मणके दिसले. पुन्हा त्याच जागी जाऊन तपास झाला आणि २०१० साली जगासमोर आले की, घरट्यात पिल्लाशेजारी साडेतीन मीटर लांबीचा साप दबा धरून बसला होता. त्याचे नाव सनाजेह ठेवण्यात आले. दगड सरकारी संग्रहात होता, जागेची नोंद होती, म्हणून हे शक्य झाले. तोच दगड कोणाच्या कपाटात गेला असता तर साप कायमचा हरवला असता.

याच्या उलट प्रकारही आपल्याच देशात घडला. पंजाब विद्यापीठाचे प्राध्यापक विश्वजित गुप्ता यांनी हिमालयातील म्हणून वर्षानुवर्षे जीवाश्म प्रसिद्ध केले. १९८९ साली ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की, त्यांतील काही नमुने मोरोक्कोच्या, पॅरिसच्या दुकानांत मिळणाऱ्या मालासारखे आहेत. दगड खरे होते. ठिकाण खोटे होते. तेवढ्याने हिमालयाच्या भूगर्भशास्त्रातील कितीतरी लिखाण संशयाखाली आले.

आता आपल्या घराजवळ पाहू. चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यातील पिसदुरा गावाच्या शेतांत डायनोसॉरची हाडे आणि विष्ठेचे दगड नांगरटीत वर येतात. ज्यांच्या नावाने नागपुरात हिस्लॉप कॉलेज आहे त्या पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच तेथून जीवाश्म गोळा केले होते. जवळच्या डोंगरगावच्या टेकडीतून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी १९८४ ते १९८६ या काळात एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा काढला. १९९७ साली त्याला टायटॅनोसॉरसच्या कुळात नाव मिळाले. २००३ साली ते बदलून, संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून, आयसीसॉरस ठेवण्यात आले. नाव बदलले, पण डोंगरगाव बदलले नाही.

पिसदुऱ्याच्या विष्ठेच्या दगडांतून तर २००५ साली मोठी गोष्ट निघाली. त्यांत गवताचे सूक्ष्म कण मिळाले, आणि डायनोसॉरच्या काळात गवत होते, हे सिद्ध झाले. तोवर ते बरेच नंतर आले असे समजत असत. हा मुठीत मावणारा दगड. त्याचे मोल त्याच्या वजनात किंवा रंगात नव्हते. तो पिसदुऱ्याचा, अमुक थराचा, हे ठाऊक होते यात होते. तोच दगड पत्ता पुसून इंटरनेटवर गेला तर कोणाच्या टेबलावर कागद दाबण्याच्या कामाचा उरेल. विकणाऱ्याला चार पैसे मिळतील आणि विदर्भाचे जे जाईल ते परत येणार नाही.

मालकीचा प्रश्नही बीजकातच येतो. चीन, मंगोलिया, ब्राझील, अर्जेंटिना या देशांत जीवाश्म बाहेर नेण्यावर कडक बंदी आहे. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये मंगोलियाचा एक सांगाडा दहा लाख डॉलरच्या वर गेला. आयातीच्या कागदांवर मूळ देश ब्रिटन आणि किंमत फक्त १५ हजार डॉलर लिहिली होती. सांगाडा जप्त होऊन २०१३ साली मंगोलियाला परत गेला. निकोलस केज या हॉलिवूडच्या नटाने २००७ साली २ लाख ७६ हजार डॉलरला घेतलेली कवटीही २०१५ साली परत द्यावी लागली, आणि त्याचा स्वतःचा काही दोष नव्हता. आपल्या देशातही केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ साली भू-वारसा स्थळे व अवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. वारा कोणीकडे वाहतो ते यावरून समजावे.

म्हणून ज्यांना घ्यायचेच आहे त्यांनी पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

१. गाव, थर आणि काढल्याचे वर्ष लेखी मागावे. 'आफ्रिका' किंवा 'आशिया' हा पत्ता नव्हे.

२. सर्व बाजूंची, उन्हात काढलेली, शेजारी मोजपट्टी ठेवलेली छायाचित्रे मागावीत. ज्या बाजूचे छायाचित्र येत नाही, त्याच बाजूला जोड असतो.

३. दुरुस्ती किती आहे हे विचारावे. 'काहीच नाही' असे उत्तर मोठ्या वस्तूबाबत आले तर थांबावे.

४. नाव कोणी दिले आणि कशावरून, हे विचारावे. शंका असल्यास पैसे देण्याआधी भूगर्भशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाला छायाचित्र दाखवावे.

५. परत घेण्याची अट आधी वाचावी. न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर नाकारण्याचा हक्क आपल्या बुजुर्गांच्या व्यापारात 'खियार-ए-रूयत' या नावाने मानला गेला आहे. देशाचा कायदाही मदतीला आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावयास हवे. विक्रेता परदेशातला असेल तर मात्र हा हक्क बजावणे कठीण, हे धरून चालावे.

आणि ज्यांना धंदाच करायचा आहे त्या तरुणांना आमचा सल्ला निराळा आहे. खरी हाडे विकण्याच्या नादी लागू नका. उत्तम प्रतिकृती करा आणि प्रतिकृती म्हणूनच विका. जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत उभे असलेले कितीतरी सांगाडे साच्यातून काढलेले आहेत, आणि तसे लिहून ठेवण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. मूळ नमुना ज्यांचा आहे त्यांची परवानगी घ्यावी, मागे आपले नाव व 'नक्कल' हा शब्द कोरावा. साचे करणारे, ओतकाम करणारे, रंग देणारे हात आपल्याकडे आहेत. शाळेतील मुलाला आयसीसॉरसचा मणका हातात घेऊन पाहायला मिळेल, कारागिराला मजुरी मिळेल, आणि खरा मणका जेथे अभ्यास होतो तेथेच राहील. नक्कल सांगून विकलेल्या नकलेत फसवणूक नाही, आणि त्या धंद्यात बरकत आहे.

राहिली गोष्ट आपल्या भागात मिळणाऱ्या दगडांची. वरोऱ्याकडे किंवा सिरोंच्याकडे बाजाराला जाणाऱ्या बंधूंना कोणी शेतकरी असा दगड दाखवील, कदाचित भावही विचारील. भाव सांगू नये. दगड जागेवरून न हलवता त्याचे छायाचित्र काढावे, शेताचे नाव लिहून घ्यावे आणि नागपूरला सेमिनरी हिल्सवर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय आहे तेथे कळवावे. शेतकऱ्यालाही हे समजावून सांगावे की, त्या दगडाची खरी किंमत त्याच्या शेताच्या नावात आहे.