लांचेच्या खटल्यांचीं खास कोर्टें

लांचलुचपतीसाठीं खास कोर्टें काढा, अशी ओरड निवडणुका जवळ आल्या कीं ऐकूं येते. आमचा विरोध नाहीं. परंतु हें औषध नवें नव्हे. लांचखाऊ सरकारी नोकराचा खटला खास न्यायाधीशानेंच चालवावा, असा कायदा १९५२ सालींच झाला. १९८८ च्या कायद्यानें तेंच कायम करून, खटला होईल तों रोजच्या रोज चालवावा, असेंही सांगितलें. मग दुखणें कां हटलें नाहीं, हें रयतेनें विचारूं नये काय?

मुंबईचाच दाखला घ्या. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतां सिमेंटवांटपाच्या बदल्यांत ट्रस्टांसाठीं देणग्या घेतल्याचा आरोप त्यांजवर आला. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्यें त्यांनीं राजीनामा दिला. त्याच वर्षीं खास न्यायाधीशापुढें फिर्याद गेली. १९८४ सालीं सुप्रीम कोर्टानें, काम लवकर व्हावें म्हणून, खटला हायकोर्टाकडे दिला. एप्रिल १९८८ मध्यें त्याच सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनीं बहुमतानें ठरविलें कीं, तें चुकलें. तो खास न्यायाधीशाचाच अधिकार होता! जवळजवळ सहा वर्षें गेलीं आणि गाडें पहिल्याच नाक्यावर. आरोप खरा कीं खोटा, तें बाजूलाच.

१९९२ सालीं रोख्यांच्या घोटाळ्यांत बँकांचा पैसा अडकला, तेव्हां मात्र त्याच सालीं निराळा कायदा होऊन हायकोर्टाचा न्यायाधीश बसला. तरीही हर्षद मेहताला शिक्षा व्हावयास १९९९ उजाडलें, आणि पुष्कळ खटले अंगावर असतांच २००१ सालीं तो वारला.

आतां आमच्या माणसाचें पाहूं. लालबाग-परळच्या गिरण्या बंद पडल्या, तरी तेथल्या चाळकऱ्यांची गुंठा-दोन गुंठे जमीन गांवीं आहेच. वारसनोंदीला तलाठी पैसे मागतो. हा हिय्या करून १०६४ वर फोन करतो, पावडर लावलेल्या नोटा देतो, साहेबाचीं बोटें सोड्याच्या पाण्यांत गुलाबी होतात. पुढें? निलंबित साहेब निर्वाहभत्ता खातो. फिर्यादी रोज बुडवून, पदरच्या भाड्यानें तारखेला जातो. वर्षांनीं साक्ष निघते, तोंवर भाऊबंदांनीं त्याला ‘समजाविलेलें’ असतें आणि पंच विसरलेले असतात. मग फिर्यादी फितला म्हणून बोभाटा! त्याला फितविलें कोणी? तारखांनींच ना?

जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला, तेव्हां रयतेला नाडणारा कारकून परका होता. हल्लीं त्या खुर्चीवर आमच्या घरचींही मुलें बसतात, आमच्या शाळेंत शिकलेलीं. हात तसाच पुढें येतो. हें लिहितांना आम्हांस लाज वाटते.

तेव्हां खास कोर्ट द्याल तर असें द्या: त्या न्यायाधीशाच्या गळ्यांत दुसरें काम नको, फिर्यादीची साक्ष सर्वांआधीं व्हावी, आणि त्याचा बुडालेला रोज व गाडीभाडें त्याच दिवशीं हातीं पडावें. २०१८ च्या दुरुस्तीनें खटल्यास दोन वर्षांची मुदत घातली, पण चार वर्षांपर्यंत ताणण्याची वाटही ठेवली. त्याच दुरुस्तीनें लांच देणाराही गुन्हेगार ठरला. जुलमानें द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आंत पोलिसांना अगर लांचलुचपत खात्याला कळविलें पाहिजे. ही मुदत किती शेतकऱ्यांस ठाऊक आहे? ज्यांना वाचतां येतें त्यांनीं हा मजकूर पारावर मोठ्यानें वाचून दाखवावा.