मोरीतला पाहुणा

पहिला दमदार पाऊस पडून गेला की संध्याकाळी मोरीच्या कोपऱ्यात एक पाहुणा हमखास हजर होतो. खडबडीत अंग, मातकट रंग, वटारलेले डोळे. घरात एकच आरडाओरडा होतो. कुणी झाडू आणतं, तर कुणी मिठाचा डबा! मीठ टाकून त्याला हुसकावण्याची पद्धत अजूनही काही घरांत आहे. त्याच्या ओलसर, नाजूक कातडीला मिठाने किती यातना होत असतील, याचा विचार मात्र कुणी करत नाही.

हा पाहुणा म्हणजे भेक. बेडकाचाच भाऊबंद, पण बेडकासारख्या लांब उड्या त्याला जमत नाहीत. तो आपला बुटक्या पायांनी टुणटुण चालतो. बेडकाच्या अंड्यांचा बहुधा पुंजका असतो, तर याची अंडी पाण्यात काळ्या मण्यांच्या लांबलचक माळांसारखी दिसतात. दिवसा दगडाखाली नाहीतर कुंडीच्या आडोशाला झोपायचं आणि रात्री दिव्याखाली जमलेले किडे, मुंग्या, वाळवी मटकवायची, हा त्याचा दिनक्रम.

त्याला हात लावला की चामखीळ येते, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते खरं नाही. चामखीळ विषाणूंमुळे होते, भेकामुळे नव्हे. डोळ्यांच्या मागे असलेल्या त्याच्या फुगीर ग्रंथींत विष असतं, हे मात्र खरं. कुत्र्याने त्याला तोंडात धरलं तर तोंडाला फेस येतो. म्हणून भेकाला हात लागलाच, तर तो डोळ्यांना न लावता साबणाने धुवावा, एवढी काळजी पुरे.

पाकिस्तानपासून इंडोनेशियापर्यंत हा भेक आढळतो. शेत, बाग, गटार, रस्ता, कुठेही त्याचं जमतं. त्यामुळेच आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत त्याची नोंद सर्वांत कमी चिंतेच्या गटात आहे. कुठेही जमवून घेण्याचा हा गुण परक्या भूमीत मात्र तापदायक ठरला. मादागास्कर बेटावर तो माणसांच्या मालवाहतुकीबरोबर पोचला असावा. २०१४ मध्ये तिथे तो आढळल्याचं जाहीर झालं आणि अभ्यासक धास्तावले. तिथल्या सापांना आणि इतर शिकारी प्राण्यांना त्याच्या विषाची सवयच नाही! भेक तोच, जागा बदलली आणि उपकारकर्त्याचा उपद्रवी झाला.

मग आपल्याकडचे सगळेच भेक सुखात आहेत का? नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आंबोलीच्या कातळावर एक छोटा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला भेक राहतो. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं स्वतंत्र जात म्हणून वर्णन केलं. कातळावर साचणाऱ्या पावसाच्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. त्याची वस्ती एवढ्याशा टापूत असल्यामुळे लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त ठरला. आपल्याला ते नुसतं डबकं दिसतं, पण त्याच्या पिल्लांचं सगळं बालपण त्या डबक्यात असतं. कातळ फोडला, डबकी बुजवली, तर त्याने जायचं कुठे?

जगातल्या सुमारे आठ हजार उभयचर जातींचा आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या जवळजवळ ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. म्हणजे मोरीत भेक दिसतो म्हणून सगळं आलबेल आहे, असं समजायचं कारण नाही.

आंबोलीचा कातळ आपल्या हातात नसेल. मोरीचा कोपरा तर आहे! यंदा पाहुणा आला की मिठाचा डबा जागेवरच राहू द्या. सुपली पुढे सरकवा, त्याला अलगद तिच्यावर घ्या आणि बागेत नेऊन सोडा. आणि हो, हे मुलांच्या देखत करा. झाडू कधी उचलायचा आणि कधी खाली ठेवायचा, हे मुलं आपल्याकडे पाहूनच शिकतात.