‘नको’ म्हणायला शिकवणारी बाहुली

अन्नाला नावं ठेवू नयेत, ताटातलं टाकू नये, प्रसादाला नाही म्हणू नये, हे ऐकतच आपण सगळ्या वाढलो. मुलींना त्यात आणखी एक भर : नखरे करू नयेत. पण शेंगदाण्याचं कूट पोटात गेलं की जिच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास कोंडतो, त्या मुलीनं काय करायचं? तिला वाचवणारा शब्द ‘नको’ हाच. आणि तोच आपण तिला शिकवलेला नाही.

अन्नाची अ‍ॅलर्जी म्हणजे श्रीमंतांचं खूळ, असं आपल्याही बैठकांतून ऐकू येतं. ते खरं नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा एखाद्या साध्या पदार्थालाच शत्रू समजते, तेव्हा अ‍ॅलर्जी होते. दूध, अंडं, शेंगदाणा, गहू, तीळ, काजू, कोळंबी अशा कशाचीही ती असू शकते. तीव्र झटका जिवावर बेततो. तेव्हा मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन ताबडतोब द्यावं लागतं. घरात मात्र दोष आईच्या माथी : ‘हिनंच लाडावून ठेवलंय!’

चार-पाच वर्षांच्या मुलांना व्याख्यान कळत नाही, बाहुली कळते. शिवाय बाहुलीला मोठ्यांसमोर बोलायची मुभा असते. पाध्यांचा अर्धवटराव कुणालाही काहीही सुनावतो आणि लोक हसतात, ते याचमुळे. आपल्याला तर जुना पायमोजा, दोन बटणं आणि थोडी लोकर पुरे. मोज्याची चिंगी विचारते, ‘आजी, यात कूट आहे का?’ आजी म्हणते, ‘घासभर खाल्लंस तर काय होतंय?’ इथे थांबायचं आणि मुलांना विचारायचं, चिंगीनं आता काय म्हणावं? मुलं एका सुरात ओरडतात. मग आजीची बाहुली एखाद्या मुलाच्या हातात द्यायची. पुढचा खेळ ‘कूट कुठे लपलंय?’ भरली वांगी, कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी, चिक्की यांची चित्रं काढून शोधायचं. खरे पदार्थ मात्र खेळात आणायचे नाहीत. शेवटी तीन गोष्टी घोकून घ्यायच्या : विचारायचं, नको म्हणायचं, बरं वाटेनासं झालं की लगेच मोठ्यांना सांगायचं.

दोन पथ्यं मात्र कडक पाळायला हवीत. शेंगदाण्याला राक्षस करू नये. शेजारच्या मुलासाठी तीच चिक्की पोषण आहे. एकाला अंडं चालत नाही म्हणून साऱ्या शाळेचं अंडं बंद करा, असं म्हणणाऱ्यांच्या हाती आपण कोलीत देता कामा नये. दुसरं त्याहून महत्त्वाचं. आपल्या समाजात वेगळी पंगत, वेगळं भांडं यांना जातीचा इतिहास आहे. म्हणून चिंगीनं स्पष्ट सांगावं की अ‍ॅलर्जी एकाची दुसऱ्याला लागत नाही; वेगळा पदार्थ ठेवायचा, मूल वेगळं बसवायचं नाही.

आणि बाहुलीनं मोठ्यांची सुटका होत नाही. पाच वर्षांच्या पोरीनं स्वतःचा जीव स्वतःच सांभाळावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. आहार शिजवणाऱ्या बायकांना नेमकी माहिती मिळायला हवी. जवळच्या आरोग्य केंद्रात ते इंजेक्शन आहे का, हे गटानं जाऊन विचारायला हवं. २०२० च्या नियमांनुसार पाकिटावर अ‍ॅलर्जीच्या पदार्थांचा उल्लेख बंधनकारक आहे, पण तो मराठीत असण्याची सक्ती नाही. ती मागणी आपण करायला हवी. हे नवं काम पुन्हा तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या अंगणवाडीताईंच्याच गळ्यात फुकट पडू नये, हेही पाहायला हवं. आणि बाहुल्यांच्या खेळाला बापांनाही बोलवा.

स्वतःच्या ताटातलं ‘नको’ ठामपणे म्हणायला शिकलेली मुलगी उद्या नकोशा स्पर्शालाही ‘नको’ म्हणेल. मैत्रिणींनो, मोज्याच्या बाहुलीकडून एवढं काम करून घ्यायला काय हरकत आहे?